ग्रुपवर धीर घ्या, औषध नको



आपल्या मोहल्ल्यांतल्या तरुण आया आज कितीतरी प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. दूध पुरत नाही, बाळ रात्रभर रडतं, लस दिल्यावर ताप आला. पूर्वी हे अम्मीला किंवा शेजारच्या खालाला विचारलं जायचं. आता माहेर लांब, घर लहान आणि सासरी काही गोष्टी बोलायची चोरी. अशा वेळी रात्री दोन वाजता कुणी लिहितं, "माझ्या बाळालाही असंच झालं होतं." तिला धीर येतो. तो धीर खरा असतो. त्यामुळे या ग्रुपना सरसकट नावं ठेवू नका.

अडचण पुढे आहे. जिथे धीर मिळतो, तिथला सल्लाही खरा वाटू लागतो. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. या लशीमुळे पुढे मूल होत नाही, असे खोटे मेसेज आपल्या वस्त्यांत फिरले आणि काही पालकांनी लस नाकारली. 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवरची साथ आली, लहान मुलं दगावली. दाट वस्ती, कुपोषण, कोविडच्या काळात राहून गेलेले डोस अशी तिची अनेक कारणं होती. पण लशीची भीती ज्या घरात बसली, त्या घरातलं मूल अधिक उघडं पडलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोडची प्रत्येक ओळ कुणी आणि कधी लिहिली, याची नोंद असते. चूक झाली की मुळापर्यंत जाता येतं. फॉरवर्डला असं मूळ नसतं. मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून आलाय एवढंच कळतं. खरा आहे का, हे कळत नाही.

म्हणून साधी विभागणी करू या. अनुभव ग्रुपवर विचारा. औषध, डोस आणि लस यांबद्दल आशाताईंना, नर्सला किंवा डॉक्टरांना विचारा. "बाळाला मध चाटवा" हा सल्ला प्रेमानेच दिला जातो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीही नको. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत मिळतात.

शंका विचारणाऱ्या आईला "अडाणी" म्हणू नका. हसलात तर ती प्रश्न विचारणं सोडत नाही, फक्त तुम्हाला विचारणं सोडते. मग उत्तर द्यायला अफवा पसरवणारे तयारच असतात.

आणि भावांनो, या ग्रुपवर बाप कुठे आहेत? क्रिकेटच्या ग्रुपवर आपण दिवसभर असतो. मुलाचं लसीकरण कार्ड घरात कुठे ठेवलंय, पुढची तारीख कोणती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आज घरी जाऊन ते कार्ड शोधा. डोस राहिला असेल, तर लसीकरणाच्या पुढच्या दिवशी बाळाला तुम्ही स्वतः घेऊन जा.