रोगट पेशीची खूण

कर्करोगावरील जुन्या औषधांचा मोठा दोष असा, की ती आप-पर भाव जाणत नाहीत. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीवर ती आघात करतात. मग ती पेशी रोगट असो, वा केसांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात किंवा अस्थिमज्जेत आपले नित्यकर्म करणारी असो. केस गळणे, ओकाऱ्या होणे, रक्त कमी होणे हे या आघाताचेच परिणाम होत. तेव्हा निरोगी पेशीत मुळीच नसलेली अशी काही खूण रोगट पेशीत सापडेल काय, हा खरा प्रश्न होता.

श्रोतेहो, त्याचे एक उत्तर रक्ताच्या एका दीर्घकालिक कर्करोगाने दिले. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड आढळले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिले, की नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची तेथे अदलाबदल झालेली असते. तीमुळे दोन जनुके जोडली जाऊन एक विजोड प्रथिन निर्माण होते, हे पुढे उमगले. वाढीचा आदेश देणारे विकर एरवी गरजेपुरतेच जागे होते. हे प्रथिन मात्र विसावतच नाही.

त्या प्रथिनाला एक खाच असते. तीत ऊर्जावाहक रेणू बसला तरच त्याचे कार्य चालते. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे निकोलस लायडन व त्यांचे सहकारी यांनी ही खाच अडवणारा रेणू सिद्ध केला. ब्रायन ड्रुकर यांनी तो रोगट पेशींवर पारखला. १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली. आधीचे उपचार निष्फळ ठरलेल्या व नव्या औषधाची पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. मळमळ, सूज असे त्रास होते; परंतु ते बहुधा सौम्य होते. २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या नावाने त्या औषधास मान्यता मिळाली.

अर्थात, बहुतेकांना ही गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. काहींच्या प्रथिनाची खाच बदलते आणि औषध तीत बसेनासे होते. त्यांच्यासाठी नवे रेणू घडवावे लागले. अनेक कर्करोगांत तर असा एकच दोष नसून अनेक दोष एकत्र नांदतात.

किंमत हा आणखी एक अडसर. १ एप्रिल २०१३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका स्फटिकरूपास एकस्वाधिकार नाकारला आणि स्वस्त देशी गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. औषध सौम्य असणे पुरेसे नाही. ते रुग्णाच्या हाती पडले पाहिजे.