'बरी आसस मा?'च्या पुढे

(नांदगाव, जि. सिंधुदुर्ग येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाटेत कुणी भेटली की आपण विचारतो, "काय गो, बरी आसस मा?" ती म्हणते, "होय गो, बरी आसंय." दोघी आपापल्या वाटेला लागतात. विचारण्यात माया असते, पण उत्तर प्रश्नातच भरून ठेवलेलं असतं. 'नाही, मी बरी नाही' असं म्हणायला त्यात जागा नाही.

ही जागा नसली की केवढं दुखणं दडून राहतं, ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विचारल्यावर ५५ टक्के जणींनी त्रास सांगितला. तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के! अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, 'बाईच्या जातीला हे असायचंच' असं आपणही म्हणतोच ना? राणीताईंच्या पुस्तकाचं नाव 'कानोसा' आहे. कानोसा घ्यायचा तर आधी आपला आवाज थांबवावा लागतो.

मग सुरुवात कशी करायची? सासू-नणंद समोर असताना विचारलं, तर 'बरी आसंय' हेच उत्तर येणार. तरवा काढताना, काजी वेचताना, हात कामात आणि नजर खाली असताना बाई सहज बोलते. 'हो-नाही'त संपेल असं विचारू नका. "आज तुका बसूक कधी गावला?" एवढं विचारलं तरी तिचा अख्खा दिवस उलगडतो.

ती बोलू लागली की तीन गोष्टी सांभाळा. 'तेव्हाच का नाही बोललीस?' असं म्हणू नका. त्या 'का'मुळे ती आरोपी होते. 'मग काय झालं?' एवढं पुरे. 'माझापण तसाच झालेला' म्हणून आपली कहाणी सुरू करू नका. आणि सल्ल्याची घाई नको. 'सोस, पोरांकडे बघ' आणि 'सोड त्याला', दोन्ही निर्णय आपले असतात, तिचे नव्हेत. तिला काय हवं आहे, ते विचारा. ती गप्प झाली, तर आपणही थोडं गप्प बसावं. रडली, तर रडू द्यावं.

ऐकलेलं आपल्यापाशी राहिलं पाहिजे. वाडीत गोष्ट एकदा फिरली की ती पुन्हा कुणापाशी तोंड उघडणार नाही.

मात्र घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर नुसतं ऐकून भागत नाही. म्हणूनच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसते, बाईचं म्हणणं तिच्या शब्दांत ऐकते आणि पुढची मदत उभी करते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आपल्या पाठीशी आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. हा नंबर पाठ ठेवा. पण फोन करायचा की नाही, हे तिच्याशी बोलून ठरवा.

पहिल्या दिवशी ती काही सांगणार नाही कदाचित. मनाला लावून घेऊ नका. आठ दिवसांनी पुन्हा तिच्या शेजारी जाऊन बसा. विचारणारी बाई परत आली, हे तिला कळू द्या.