कोपऱ्यातली सही

(शिंदखेडा इथं, पेंटरच्या धंद्यात उतरणाऱ्या पोरांपुढं केलेलं भाषण)



मी भाषणबाज नाही. मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. पण गोदीच्या आधी दोन वर्षं याच गावात मी बोर्ड रंगवलेत. तुमच्यातले चौघं आता ब्रश धरताहेत असं कळलं, म्हणून आलो. मी कुठं चुकलो, तेवढं सांगतो.

आधी कामाचं. पत्रा घासा, रेडऑक्साइड मारा, नीट वाळू द्या. घाई केली तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतात आणि पत्र्याबरोबर तुमचं नावही सोलून निघतं. मग खडूच्या दोऱ्यानं रेघा मारा. इंग्रजी कॅपिटल अक्षरं दोन रेघांत बसतात, आपली बसत नाहीत. 'शिंदखेडा' लिहा, सगळी गर्दी शिरोरेघेच्या वर. 'धुळे' लिहा, वर मात्रा आणि खाली उकार. नवखा पोरगा अक्षर मोठं काढतो आणि मात्रा पत्र्याच्या कडेवर आपटते. माझी आपटलीय. शेवटचं अक्षर मोजल्याशिवाय पहिल्याला ब्रश लावू नका.

कुणी म्हणेल, फ्लेक्सपुढं ब्रशला कोण विचारतो? खरंय, फ्लेक्सनं पेंटरचं पोट मारलं. पण १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक बॅनरवर देशात बंदी आहे. त्याच साली महाराष्ट्रात लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीहून लहान चालत नाही. कायद्यानं चूल पेटत नाही, पण काम मागायला तोंड मिळतं. ब्रश शिका, रेडियम कापायला शिका, कॉम्प्युटरवर अक्षर बसवायलाही शिका.

आता पैशाचं. जयंती आली की आपलीच माणसं म्हणतात, "घरना पोऱ्या शे, त्याले पैसा कसाना?" मी लाजेनं गप्प बसायचो. रंग उधार, टर्पेंटाइन उधार, घरात आईचं तोंड बघवत नव्हतं. अरे, पिढ्यान् पिढ्या फुकट राबवणाऱ्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. आणि आपण निळ्या कमानीखाली पुन्हा वेठ करायची? वस्तीला सूट द्या, फुकट देऊ नका. बाजारातल्या दुकानदाराकडून निम्मे पैसे आधी घ्या.

शेवटचं, सहीचं. एका दुकानाचा बोर्ड मी चार दिवस खपून केला. कोपऱ्यात नाव घातलं, आडनावासकट. मालक म्हणाला, "अक्षर झकास आहे. तेवढी सही पूस. गिऱ्हाईक वाचतं." रंग ओलाच होता. मी टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि माझ्याच हातानं माझं नाव पुसलं. पैसे लागत होते. पुढच्या महिन्यात मुंबईची गाडी धरली. आज येताना पाहिलं, बोर्ड अजून आहे. कोपरा कोराच आहे.

पाटीवर नाव चढणं साधी गोष्ट नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला. कमानीवर नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधे घरं जळाली, माणसं मेली. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. नव्या नावांची पाटी कुणीतरी लिहिणारच. ती तुम्ही लिहा, आणि खाली सही करा.

भाव ठरवताना सहीही ठरवून घ्या. मालक नाही म्हणाला तर काम सोडायचं की नाही, ते तुमच्या घरचा डबा ठरवील. मी पुसलीय, मी कुणाला शहाणपण सांगणार नाही. फक्त एक करा. सहीपायी एकानं सोडलेला बोर्ड दुसऱ्यानं उचलू नका. तुम्ही चौघं आहात.

मी एकटा होतो.