शून्य रुपयांचे तिकीट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे, 'सार्वजनिक वाहतूक आणि सरकारी पैसा'. निवृत्त बँकवाल्याला असा विषय दिला की तो आधी विचारणार, पैसे कोणाच्या खात्यातून गेले?

आपल्या जवळच्या खांदेश्वर स्टेशनपासून सुरुवात करू. खाडी ओलांडून लोकल १९९२ मध्ये वाशीला आली, १९९३ मध्ये बेलापूरला आणि १९९८ मध्ये पनवेलला. नवी मुंबईतल्या या रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. सिडकोकडे पैसा कुठून आला? मुख्यतः भूखंड विकून. म्हणजे जमीन गेली इथल्या शेतकऱ्यांची, आणि आपण घराची जी किंमत मोजली तिच्यात या रेल्वेचाही वाटा होता. तिकिटाच्या पैशांवर ही लाइन उभी राहिलेली नाही.

आता एसटी बघा. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. पनवेल स्टँडवर गाडीत बसलो की कंडक्टर माझ्या हातात शून्य रुपयांचं तिकीट ठेवतो. पण डिझेल काही शून्य रुपयांत येत नाही! ती रक्कम राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. तिला सवलतीची प्रतिपूर्ती म्हणतात. आमच्या बँकेच्या भाषेत हे महामंडळाचं येणं आहे, त्याला मदत म्हणू नये. येणं थकलं की पगार, सुटे भाग, नव्या गाड्या सगळंच अडतं. मग आपणच म्हणतो, एसटी तोट्यात आहे.

सोसायटीत लिफ्टचा खर्च कोण किती वेळा वर गेला ते मोजून आपण लावत नाही. लिफ्ट 'तोट्यात' आहे असंही कोणी म्हणत नाही. ती बंद पडली की चौथ्या मजल्यावरच्या आजी घरात अडकतात, एवढं आपल्याला कळतं. बसचंही तसंच आहे. बस गेली की मुलींचं कॉलेज, आजाऱ्याचा दवाखाना आणि घरकामाला येणाऱ्या बाईंची कमाई अडते. हे आकडे ताळेबंदात दिसत नाहीत.

अर्थात हिशेब मागायलाच हवा. आपल्या भागात एनएमएमटीच्या बस येतात, ती सेवा नवी मुंबई महापालिकेची. आपण मात्र २०१६ पासून पनवेल महापालिकेत. तेव्हा आपल्या अंदाजपत्रकात बससाठी किती तरतूद आहे आणि त्यातली किती खर्च झाली, हे दोन प्रश्न सोसायटीच्या लेटरहेडवर दरवर्षी महापालिकेला विचारा. फुकट प्रवास कोणाचाच नसतो. पैसे आपणच भरतो, म्हणून पावतीही आपणच मागायची.