पडण्याची विद्या



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. ज्यूदो ही जपानची कुस्ती आणि पोकर हा अमेरिकेंतला पत्त्यांचा खेळ. एक अंगमेहनतीचा, दुसरा बैठा; एकास आपण विद्या म्हणतों, दुसऱ्यास व्यसन. तरीहि पोकरमध्यें प्रगति करूं इच्छिणाऱ्यानें ज्यूदोच्या आखाड्यांतून एक धडा घ्यावा, आणि ज्यानें पत्त्यांना कधीं हात लावला नाहीं त्यालाहि तो उपयोगी पडावा, असें मला वाटतें. तो धडा पडण्याचा.

जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं टोकियोंत कोडोकान ही संस्था काढून ज्यूदोचा पाया घातला. या विद्येंत प्रतिस्पर्ध्याला फेकावें कसें हें मागाहून येतें. नव्या शिष्याला प्रथम पडावें कसें हें शिकवितात. हनुवटी छातीकडे ओढून घ्यावी, डोकें जमिनीला लागूं देऊं नये, आणि हाताचा सपाट तडाखा चटईवर मारून आघात अंगभर वांटून द्यावा. जपानी लोक यास 'उकेमी' म्हणतात. शेंकडों वेळां पडल्यावर पडण्याचें भय जातें. तें जाणें अगत्याचें. कारण भ्यालेला मनुष्य अंग ताठ करतो, आणि ताठ झालेल्याला उलथून टाकणें सोपें असतें.

आतां पोकरकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत हा खेळ अमेरिकेंत, मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर वाढला. त्याचा आज सर्वांत रूढ प्रकार असा: प्रत्येकाला दोन पानें झांकलेलीं मिळतात, पांच पानें सर्वांसाठीं मध्यें उघडीं मांडतात, आणि या सातांतून ज्याचा पांच पानांचा संच सरस तो मधली सर्व रास उचलतो. पानें उघडत जातात तशी पैज वाढत जाते. ज्याला पुढें जावयाचें नसेल त्यानें पानें टाकून डाव सोडावा. पानें कोणतीं येतील हें दैवाधीन; किती लावावें आणि केव्हां सोडावें हें बुद्धीच्या अधीन.

या खेळांत पडणें अटळ आहे. हातांतल्या दोन पानांत सर्वांत श्रेष्ठ म्हणजे एक्क्यांची जोडी. ती सरासरीनें २२१ वाटपांत एकदां येते. तिच्यासमोर कोणी राजांची जोडी घेऊन उभा राहिला आणि दोघांनीं सर्वस्व पणाला लावलें, तरी १०० पैकीं सुमारें १८ वेळां एक्केवालाच हरतो. त्याच्याकडून चूक कांहींच झालेली नसते. खरी परीक्षा पुढच्या डावाची. हरलेला मनुष्य 'आतां भरून काढतोंच' म्हणून नको त्या पानांवर नको तेवढी पैज लावूं लागतो. पोकरवाले या अवस्थेस 'टिल्ट' म्हणतात. हा शब्द पिनबॉल नांवाच्या गोळीच्या खेळांतून आला. खेळणाऱ्यानें तें यंत्र फार हलविलें कीं तें खेळच बंद करतें. मनाच्या यंत्राला मात्र अशी कळ बसविलेली नसते.

या अवस्थेचें चित्र आपल्याकडे महाभारताच्या सभापर्वांत आहे. युधिष्ठिरासारखा धर्मज्ञ पुरुष. पण प्रत्येक हारीनंतर त्याचा पण वाढत गेला. धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी! त्याच महाभारताच्या वनपर्वांत बृहदश्व ऋषि युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात आणि अक्षविद्या शिकवितात. त्या कथेंतला ऋतुपर्ण राजा झाडाचीं पानें व फळें नजरेनें मोजून सांगतो, आणि फांशांची विद्याहि त्यालाच अवगत असते. मोजणें आणि खेळणें यांचा संबंध व्यासांच्या ध्यानांत आलेला होता, असेंच म्हणावें लागतें.

तें मोजणें कसें असतें, हें एका उदाहरणानें पाहूं. आपल्या हातीं बदामाचीं दोन पानें आहेत, मध्यें उघडलेल्या चारांत आणखी दोन बदाम आहेत. शेवटचें पान बदाम आलें तर डाव आपला, न आलें तर गेला, असें समजूं. न पाहिलेलीं पानें ४६, त्यांत बदाम ९. मधल्या राशींत १०० चिंचोके आहेत आणि पुढें जाण्यास २० द्यावे लागतात. असा प्रसंग ४६ वेळां आला तर सरासरीनें ९ वेळां मिळून ९०० चिंचोके येतील, ३७ वेळां मिळून ७४० जातील. १६० चा लाभ. म्हणून पुढें जाणें योग्य. पण २० च्या जागीं ५० मागितले, तर १८५० जातील आणि ९५० चा तोटा होईल. तेव्हां पानें टाकावीं हेंच योग्य; मग शेवटीं बदाम येवो कीं न येवो.

मी उभा जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत घालविला. रीत चुकून उत्तर बरोबर आलेला मुलगा हंसत घरीं जातो. रीत बरोबर असून बेरजेंत अडखळलेला रडतो. मास्तरांना मात्र ठाऊक असतें कीं पुढच्या परीक्षेंत कोण तरेल. पोकरमध्यें प्रत्येकाला स्वतःचाच मास्तर व्हावें लागतें. दिवसाचा हिशेब किती मिळाले यानें न करतां, कोणता निर्णय कोणत्या कारणानें घेतला हें वहींत टिपून करावा. ज्यूदोंतहि एकच डाव शिष्य पुनःपुन्हां घोटतो, तो आपली रीत तपासण्यासाठींच.

२०१७ च्या जानेवारींत पिट्सबर्ग येथें कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस' या संगणकानें चार निष्णात खेळाडूंशीं वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांचा पराभव केला. त्याचें गणित अचाट होतें हें खरेंच. पण मागचा डाव हरल्याचा राग पुढच्या डावांत नेणें त्याला शक्यच नव्हतें, हेंहि तितकेंच खरें. माणसाला राग येणारच. तो आला हें ओळखून दहा मिनिटें उठून जाणें, आणि किती हरल्यावर थांबावयाचें तें बसण्यापूर्वींच ठरविणें, ही आपली उकेमी.

येथें एक भेद मात्र सांगितला पाहिजे. ज्यूदोंत शरण जावयाचें तर हातानें दोनदां थाप मारली कीं प्रतिस्पर्धी पकड सोडतो, आणि वर गुरूची नजर असते. पैशाच्या पटावर ती थाप ऐकणारें कोणी नसतें. तेथें पडणारा एकटा पडत नाहीं. घरचीं माणसें त्याच्याबरोबर पडतात, आणि त्यांना कोणी उकेमी शिकविलेली नसते. ऑनलाइन पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मनाई करणारा कायदा भारताच्या संसदेनें २०२५ सालीं केला, त्यामागें अशा घरांचाहि विचार होता. म्हणून पोकर शिकावयाचाच असेल तर चिंचोक्यांवर शिकावा. हिशेब तोच, मोह तोच, हारीची चुणचुण तीच. फक्त चूल सुरक्षित राहते.

आणि पत्ते नकोतच म्हणणाऱ्यांनाहि हा धडा चुकत नाहीं. परीक्षा, नोकरी, व्यापार, मुलामुलींचीं लग्नें, यांत योग्य तें करूनहि १०० पैकीं कांहीं वेळां आपण पडणारच. त्या वेळीं हनुवटी छातीशीं घ्यावी, डोकें सांभाळावें, उठावें, आणि पुढचें पाऊल मागच्या पडण्याच्या रागानें टाकूं नये, एवढेंच मला सुचवावयाचें आहे.