मुलाखत लेकीची, प्रश्न आईलाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



मघाशी अध्यक्षताईंनी माझी ओळख करून दिली, की या बाई परदेशी जाणाऱ्या शाळकरी मुलांच्या मुलाखती घेतात. तेव्हा मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "ते काय आपल्यासाठी नाही बाई." आज मला त्याच वाक्यावर बोलायचंय.

आधी हे असतं काय, ते सांगते. मूल काही महिने किंवा एक शालेय वर्ष दुसऱ्या देशात जातं, तिथल्या एका कुटुंबात राहतं, तिथल्या शाळेत शिकतं आणि परत येतं. ही नोकरी नाही, कायमचं जाणंही नाही. एएफएस नावाची संस्था १९४७ पासून मुलांना असं पाठवते. महायुद्धात जखमी सैनिकांना ॲम्ब्युलन्समधून नेणाऱ्या लोकांची ही संस्था. रोटरीचाही असा कार्यक्रम आहे, १५ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. त्यासाठी आईवडील रोटरीचे सभासद असावे लागत नाहीत. तालुक्याच्या गावी क्लब असेल तर तिथे जाऊन विचारा.

पैशाचंही खरं सांगते. रोटरीत राहणं-जेवण तिकडचं कुटुंब बघतं, पण विमानाचं तिकीट, विमा, पासपोर्ट, व्हिसा हा खर्च आपला. तो थोडा नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, की शिष्यवृत्ती आहे का? अमेरिकन सरकारने २००२ मध्ये 'येस' नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात निवडलेल्या मुलांचा खर्च तिकडच्या सरकारने केला. त्यातून भारतातली मुलंही जाऊन आली.

आता मुलाखत. मार्क अर्जात लिहिलेले असतातच. आम्ही विचारतो, घरी तुझ्यावर कोणतं काम आहे? ताटात न आवडणारं आलं तर काय करतेस? मैत्रिणीशी भांडण झालं तर आधी कोण बोलतं? तुझं काय चुकलं होतं ते सांग. कारण तिकडे आई नसते. परक्या घरात, परक्या भाषेत "मला हे कळलं नाही", "मला हे नको" असं सांगता आलं पाहिजे. कामापुरतं इंग्रजी लागतंच, पण पाठ केलेली उत्तरं आम्हाला लगेच कळतात.

लगेच कळतात म्हणते खरी, पण माझ्याच हातून एक चूक झाली. काही वर्षांपूर्वी खेड्यातली एक मुलगी आली होती. मी इंग्रजीत म्हटलं, स्वतःबद्दल सांग. ती गप्पच झाली. पुढचा शहरातला मुलगा घडाघडा बोलला. मी त्याला जास्त मार्क दिले. नंतर व्हरांड्यात गेले, तर तीच मुलगी नंबर लागलेल्या दुसरीला सांगत होती, "घाबरू नको. पाणी पिऊन जा. आत पंख्याचा आवाज आहे, जरा मोठ्यानं बोल." आम्ही जे शोधत होतो ते तिच्याकडे होतं. पण मार्कांचे कागद पुढे गेले होते. मी ते परत मागायला हवे होते. मागितले नाहीत. ती गेली नाही.

त्यानंतर मी हट्ट धरला. पहिला प्रश्न मराठीतच विचारायचा. प्रत्येकाने आपले मार्क आपल्या कागदावर आधी लिहायचे, चर्चा मग. मुलांना एकत्र एखादं काम द्यायचं आणि कोण कुणाला सांभाळून घेतं ते बघायचं.

आणि बहिणींनो, मुलाखत आईवडिलांचीही होते. बहुतेक वेळा वडील बोलतात, आई पदर सावरत बसते. मग मी मुद्दाम आईलाच विचारते, "रात्री बाराला फोन आला, आई मला परत यायचंय, तर काय म्हणाल?" एका माउलीने सांगितलं, "आधी विचारीन, जेवलीस का. मग सगळं ऐकून घेईन. नुसती आठवण असंल तर म्हणेन, सकाळी परत फोन कर. पण कुणी त्रास देत असंल, तर आत्ताच्या आत्ता तिथल्या जबाबदार बाईला सांग." यापेक्षा चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

तुम्हीही आम्हाला विचारा. लेक कुणाच्या घरी राहणार? त्या कुटुंबाची चौकशी कोणी केली? घराबाहेरचं कोणतं माणूस तिची विचारपूस करणार? घर बदलून मिळतं का? चांगली संस्था याची सरळ उत्तरं देते. जो "पैसे भरा, निवड पक्की करतो" म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा. पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

कागदपत्रं आत्ताच बघून ठेवा. आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्यावर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का? अठरा वर्षांखालच्या मुलीच्या पासपोर्टला साधारणपणे आईवडील दोघांची संमती लागते. एकट्या आईसाठी वेगळी सोय आहे, ती पासपोर्ट कार्यालयात विचारा.

आणि तयारी? क्लास लावायलाच हवा असं नाही. लेकीला बँकेत एकटीला स्लिप भरू द्या. गटाच्या मीटिंगमध्ये मागचं इतिवृत्त तिला मोठ्याने वाचायला सांगा. तिचं चुकलं तर हसू नका, कुणाला हसू देऊ नका.

माणूस पारखणं तुम्हाला नवीन नाही. अंतर्गत कर्ज देताना तुम्ही काय बघता? कोण गोड बोलते ते नाही. कशाला हवंय, हप्ता कसा फेडणार आणि अडचण आली तर ती लपवेल की मीटिंगमध्ये येऊन सांगेल, हे बघता. आम्हीही तेच बघतो.

दहा जणी अर्ज करतील, एखादीची निवड होईल. बाकीच्या नऊ जणी अनोळखी माणसांसमोर बसून स्वतःबद्दल बोलून आलेल्या असतील. पुढे कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीत ते उपयोगी पडतंच.

मावशी, तुमच्या घरात दहावीला नात आहे ना? मग अर्ज तिला भरू द्या. आपल्यासाठी नाही, असं तिला आपणच आधी सांगायचं नाही.