आता आधी काय?

श्रोतेहो, गॅसवर दूध उतू जायला आलंय, दारावरची बेल वाजतेय आणि तेवढ्यात फोनही खणखणतोय. आपण काय करतो? आधी गॅस बंद करतो, मग दार उघडतो. फोन काय, पुन्हा येईल! हे ठरवायला आपल्याला क्षणभरही लागत नाही. पण हाच निर्णय यंत्राला घ्यायचा असेल तर?

'नासा'च्या 'ईओ-१' या उपग्रहाची गोष्ट ऐका. नोव्हेंबर २००० मध्ये तो अवकाशात गेला. सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची छायाचित्रं घेणं, हे त्याचं काम. कुठलं छायाचित्र केव्हा घ्यायचं, ते सुरुवातीला माणसं ठरवून कळवत. ज्वालामुखी मात्र वेळापत्रक पाहून जागा होत नाही. त्याची बातमी खाली पोहोचून नवी आज्ञा वर जाईपर्यंत उशीर व्हायचाच. म्हणून २००३ पासून जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहावरच निर्णय घेणारं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं.

मे २००४ मध्ये उपग्रहाने अंटार्क्टिकावरच्या माउंट एरेबस या ज्वालामुखीचं छायाचित्र घेतलं. सॉफ्टवेअरने ते तिथल्या तिथे तपासलं, तप्त लाव्हाची खूण ओळखली आणि पुढच्या एका फेरीत पुन्हा तिथेच पाहायचं ठरवलं. कुणालाही न विचारता!

हे कसं घडलं? प्रत्येक कामाला अग्रक्रम दिलेला होता. नवं काम आलं, की 'कॅस्पर' नावाचा नियोजन करणारा भाग ते जुन्या यादीत बसवून पाहायचा. साठवणीला जागा आहे का? वीज पुरेल का? उपग्रह वळवायला वेळ आहे का? कुठे अडलं, तर तो सगळी यादी मोडत नसे. तेवढीच अडचण दूर करी. एखादं काम पुढे ढकली, नाहीच जमलं तर कमी महत्त्वाचं गाळून टाकी. अचानक पाहुणे आले, की आपण स्वयंपाकाचा बेत बदलतो ना, तसंच. शिवाय प्रत्येक आज्ञा सुरक्षिततेच्या नियमांशी ताडून मगच अमलात येई.

मात्र हे अग्रक्रम यंत्राचे नव्हते. उष्णता, पूर, बर्फ अशा ज्या गोष्टी माणसांनी ओळखायला शिकवल्या, तेवढ्याच त्याला कळत. न शिकवलेली गोष्ट समोर असूनही नसल्यासारखीच.

मार्च २०१७ मध्ये 'ईओ-१' निवृत्त झाला. आज मात्र अशी सॉफ्टवेअर आपली पत्रं वाचू लागली आहेत, आपल्या वतीने कामं उरकू लागली आहेत. तेव्हा यंत्र किती हुशार, हे विचारण्याआधी त्याच्या कामांचा क्रम कुणी लावला, हे विचारायला हवं. दूध उतू जाऊ देऊ नये, हे त्याला आधी कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.